भातखाचरातील ताप : लेप्टोस्पायरोसिसबाबत थायलंडच्या संशोधनातून रायगडच्या शेतकऱ्यांनी काय घ्यावे?



रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत अलिबाग, पेण, उरण, मुरुड, म्हसळा व श्रीवर्धन या तालुक्यांत भात हेच खरिपाचे मुख्य पीक आहे. जूनच्या पहिल्या पावसावर टाकलेली आवण जुलैत लावणीस येते. त्यापुढील तीन-चार आठवडे घरातील धडधाकट माणूस, मग तो पुरुष असो वा स्त्री, दिवसभर चिखलात असतो. या काळात पिकावर खोडकिडा किंवा करपा दिसला तर शेतकरी लगेच चौकशी करतो. स्वतःला ताप आला तर मात्र "पावसात भिजल्याने आला असेल" असे म्हणून तो अंगावर काढतो. लावणी संपेपर्यंत दवाखान्यात जायचे नाही, ही जवळजवळ रीतच होऊन बसली आहे.

या तापांपैकी काही ताप लेप्टोस्पायरोसिसचे असतात. लोक त्याला नुसते 'लेप्टो' म्हणतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार मिळाल्यास हा रोग साध्या गोळ्यांनी बरा होतो. आठवडाभर अंगावर काढल्यास मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसे निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. एकच रोग, पण दोन-चार दिवसांच्या उशिराने इतका फरक पडतो. म्हणून या लेखात त्याची माहिती शेतकऱ्याच्या दृष्टीने देत आहोत.

या रोगावर भातशेतकऱ्यांना उपयोगी पडेल असे बरेच संशोधन थायलंड या देशात झाले आहे. तेथेही आपल्यासारखाच मोसमी पाऊस, पावसाळी भात, हाताने लावणी आणि बांधात उंदीर आहेत. त्यामुळे तेथील निष्कर्ष आपल्या खाचरांशी ताडून पाहणे उपयुक्त ठरेल.

रोग कसा होतो?

लेप्टोस्पायरा नावाच्या, मळसूत्रासारख्या वळलेल्या सूक्ष्म जंतूमुळे हा रोग होतो. हा जंतू उंदीर व घुशींच्या मूत्रपिंडात राहतो. उंदीर स्वतः आजारी दिसत नाही, पण त्याच्या मूत्रावाटे जंतू दीर्घकाळ बाहेर पडत राहतात. गाई, म्हशी, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रातूनही ते पसरतात. हे मूत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाचरात, ओहोळात व डबक्यात उतरते. ओलसर जमिनीत व गोड्या पाण्यात जंतू काही आठवडे जगू शकतो. कडक ऊन, कोरडेपणा व क्लोरीन यांनी तो मरतो.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा जंतू फार काळ टिकत नाही. म्हणून खारेपाटातील शेतकऱ्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघाल्यावरच आपण तेथे भात घेतो, म्हणजे त्या वेळी खाचरात गोडे पाणीच असते. शिवाय बाहेरकाठ्याचे व शेतातील बांध उंदरांच्या बिळांनी पोखरलेले असतात. तेव्हा खारेपाटातही तेवढीच काळजी घ्यावी.

जंतू शरीरात शिरतो तो त्वचेवरील जखम, ओरखडे, टाचेच्या भेगा आणि पाण्यात भिजून मऊ झालेली कातडी यांतून. डोळे, नाक व तोंड यांच्या आतील नाजूक त्वचेतूनही तो जातो. पायाच्या बोटांत चिखल्या झालेला माणूस खाचरात उतरतो तेव्हा जंतूला दारच उघडे मिळते. शिरकाव झाल्यापासून साधारण ५ ते १४ दिवसांत ताप येतो. क्वचित हा काळ २ दिवसांइतका कमी किंवा ३० दिवसांइतका जास्त असू शकतो. म्हणूनच लावणी संपल्यावर आलेल्या तापाचा संबंध लावणीशी आहे, हे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

रोगाचा व्याप

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १० लाख ३० हजार लोकांना लेप्टो होतो व सुमारे ५८ हजार ९०० मरण पावतात. आपल्या जवळ पाहिले तर दक्षिण गुजरातेतील सुरत, नवसारी व वलसाड हे भात-उसाचे जिल्हे, आणि कोकणात सिंधुदुर्ग, या रोगासाठी परिचित आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस झाला व त्यानंतरच्या महिन्यात शहरात लेप्टोची मोठी साथ आली. रायगडकरांनी २००५ व २०२१ च्या जुलैत महाडचा पूर पाहिला आहे. पूर ओसरल्यावर घराची व गोठ्याची साफसफाई करणाऱ्यांनाही हाच धोका असतो.

थायलंडचा अनुभव

थायलंडमध्ये १९९६ पूर्वी वर्षाला काही शे रुग्णांची नोंद होत असे. त्यानंतर ही संख्या झपाट्याने वाढली आणि २००० साली १४,२८५ रुग्ण व ३६२ मृत्यू नोंदले गेले. बहुतेक रुग्ण ईशान्य भागातील भातशेतकरी होते. तेथील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या रक्तातून मिळालेल्या जंतूंची जनुकीय तपासणी केली. तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश जंतू एकाच वाणाचे निघाले आणि हा वाण घुशींमध्ये वास करतो असे आढळले. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील वर्षांत तेथील रुग्णसंख्या उतरली. मात्र दरवर्षी पावसाळ्यात रुग्ण आढळतच असतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास वारालक तांगकनाकुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ईशान्य थायलंडमध्ये केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ५९ लेप्टो रुग्ण व ११८ निरोगी माणसे घेऊन त्यांनी शेतात कोणकोणती कामे किती वेळ केली याची तुलना केली. त्यातून पुढील चार गोष्टी धोक्याच्या ठरल्या.

१) साचलेल्या पाण्यातून चालणे : धोका सुमारे ५ पट.
२) पाणी असलेल्या खाचरात दिवसाला ६ तासांपेक्षा जास्त वेळ खत टाकणे : सुमारे साडेतीन पट.
३) ओल्या खाचरात ६ तासांपेक्षा जास्त वेळ नांगरणी करणे : सुमारे साडेतीन पट.
४) ओल्या वाफ्यात ६ तासांपेक्षा जास्त वेळ रोपे उपटणे : सुमारे ३ पट.

या यादीत आपल्या नेहमीच्याच कामांची नावे आहेत. तसेच चारपैकी तीन कामांत '६ तासांपेक्षा जास्त' ही अट आहे. म्हणजे चिखलात उतरण्याबरोबरच तेथे किती वेळ राहिलो यालाही महत्त्व आहे. कातडी जितका वेळ भिजते तितकी ती मऊ पडते आणि जंतूला वाट मिळते. शेती सोडता येत नाही, पण चिखलातील तास कमी करणे आपल्या हातात आहे.

कामाच्या पद्धतीत करावयाचे बदल

कामाची वाटणी : रोपे उपटण्याचे काम एकाच माणसाकडे दिवसभर देऊ नये. दोन-अडीच तासांनी माणसे बदलावीत. जो उपटतो त्याने मग मुठी बांधणे, वाहणे किंवा इतर कोरडे काम करावे. दुपारच्या जेवणापूर्वी हातपाय साबणाने धुऊन कोरडे पुसावेत. मजुरीने आलेल्या स्त्री-पुरुषांसाठीही हीच व्यवस्था करणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे.

रोपवाटिका : रोपे सपाट वाफ्याऐवजी गादीवाफ्यावर वाढवल्यास मुळाशी पाणी साचत नाही, रोपे सहज उपटतात आणि वेळ वाचतो. चटई रोपवाटिका व यंत्राने लावणी केल्यास रोपे उपटण्याचे काम राहतच नाही. गटाने यंत्र घेतल्यास किंवा भाड्याने आणल्यास लहान शेतकऱ्यालाही ते परवडू शकते.

चिखलणी : पॉवर टिलरमागे चालताना चिखलाचे पाणी तोंडावर व डोळ्यांत उडते. साधा चष्मा लावावा व तोंडावर फडके बांधावे. चिखलणी दोघांनी आळीपाळीने करावी.

खत : युरियाचा वरखताचा हप्ता देण्यापूर्वी खाचरातील पाणी काढून टाकावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी बांधावे, ही शिफारस आपण खत वाया जाऊ नये म्हणून करतो. तिचा आणखी एक फायदा असा, की खत टाकणारा माणूस साचलेल्या पाण्यात फिरत नाही. युरिया-डीएपी ब्रिकेट लावणीच्या दिवशीच दर चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सें.मी. खोल खोचल्यास पुढील हप्त्यांच्या फेऱ्या वाचतात. मात्र ब्रिकेट हाताने चिखलात खोचायची असल्याने रबरी हातमोजे वापरावेत.

चिखलाविना भात : कर्जत तालुक्यात नेरळजवळ सगुणाबागेचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात कायमच्या गादीवाफ्यांवर टोकण करतात. त्यात चिखलणी, रोपे उपटणे व लावणी ही तिन्ही कामे नाहीत. हे तंत्र मुळात खर्च व मजुरी वाचवण्यासाठी आहे. परंतु थायलंडच्या यादीतील दोन मोठी धोक्याची कामे त्यात आपोआप वगळली जातात, ही जमेची बाजू समजावी. पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत ते करून पाहावे. खारेपाटातील रहू पद्धतीत मोड आलेले बी चिखलावर फोकतात. तीत रोपे उपटणे नाही, पण चिखलणी आहे, म्हणून चिखलणीच्या वेळची काळजी तेथे घ्यावीच.

अंगाचे रक्षण

खोल चिखलात गमबूट रुततात, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. म्हणून गमबूट निदान बांधावरून, पाणंदीतून व गोठ्यातून फिरताना, पाणी सोडताना आणि खत टाकताना वापरावेत. चिखलणी-लावणीच्या वेळी पुढील खबरदारी घ्यावी.

• पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलातील काम टाळावे. टाळता येत नसेल तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. नुसते तेल किंवा हळद लावून संरक्षण मिळत नाही.
• चिखल्या व टाचेच्या भेगा यांवर पावसाळ्यापूर्वीच औषधोपचार करावा. रात्री पाय कोरडे ठेवावेत.
• खाचरातील वा ओहोळातील पाण्याने चूळ भरू नये, तोंड धुऊ नये.
• पहिल्या पावसात वलगणीचे मासे व खेकडे पकडायला जाणाऱ्या मुलांनाही हे समजावून सांगावे. बिळात हात घालणे धोक्याचे आहे.

उंदीर नियंत्रण

उंदीर भाताचे नुकसान करतो म्हणून आपण त्याचा बंदोबस्त करतो. आता घरच्यांच्या आरोग्यासाठीही तो करावा. एकट्याने केलेला बंदोबस्त टिकत नाही, कारण शेजारच्या बांधातून उंदीर पुन्हा येतात. म्हणून सर्व गावाने एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी. मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काळ योग्य, कारण त्या वेळी शेतात खाद्य कमी असते व आमिष पावसाने भिजत नाही.

१) बांधावरील गवत व झुडपे काढावीत. बांध विनाकारण रुंद ठेवू नयेत. ३० सें.मी.पेक्षा अरुंद बांधात उंदीर सहसा बिळे करत नाहीत.
२) संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उघडी दिसतील ती जिती बिळे समजावीत.
३) दोन-तीन दिवस विषाशिवाय आमिष ठेवून उंदरांना त्याची चटक लावावी.
४) नंतर ९६ भाग धान्याची भरड, २ भाग गोडेतेल व २ भाग झिंक फॉस्फाइड यांचे आमिष काठीने मिसळून जित्या बिळांत टाकावे व बिळे बुजवावीत. आमिषाला हात लावू नये. या विषावर उतारा नाही. मुले व जनावरे दूर ठेवावीत आणि कृषी सहायकाच्या मार्गदर्शनाखालीच हे काम करावे.
५) मेलेले उंदीर उघड्या हाताने उचलू नयेत, पाण्यात फेकू नयेत, खोल पुरावेत.
६) शेतात पक्षिथांबे उभारावेत. घुबड हे शेतकऱ्याचे मित्र आहे, त्यास मारू नये.

गोठ्यातील मूत्र घराच्या अंगणात किंवा पिण्याच्या पाण्याकडे वाहू देऊ नये, त्यासाठी पक्का चर काढावा. गाई-म्हशींत गर्भपात होणे किंवा दूध एकाएकी आटणे हे जनावरांतील लेप्टोचेही लक्षण असू शकते. अशा वेळी पशुवैद्यकास दाखवावे व गर्भाशयातून पडलेले पदार्थ हातमोजे घालून पुरावेत.

लक्षणे ओळखा

एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, त्यातही पोटऱ्या दाबल्यास असह्य दुखणे, आणि घाण न येता डोळे लाल होणे, ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ही सर्व एकदम दिसतीलच असे नाही. बहुसंख्य रुग्ण येथूनच बरे होतात. सुमारे दहांत एकाला रोग जोर करतो. त्यात डोळे व लघवी पिवळी होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, थुंकीतून किंवा इतर ठिकाणाहून रक्त येणे ही लक्षणे दिसतात. अशा रुग्णास क्षणभरही घरी न ठेवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे.

उपचाराबद्दल संशोधन काय सांगते?

थायलंडमध्ये खोन केन येथे १७३ गंभीर रुग्णांवर झालेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. दर सहा तासांनी द्यावे लागणारे पेनिसिलिन आणि दिवसातून एकदा द्यावयाचे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांचा गुण सारखाच आला. दिवसाला एकच इंजेक्शन लागत असल्याने लहान रुग्णालयातही उपचार सोपे झाले.

२००४ मध्ये युपिन सुपुत्तमोंगकोल व सहकाऱ्यांनी लेप्टोचा संशय असलेल्या ५४० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत पेनिसिलिन, डॉक्सिसायक्लिन व सेफोटॅक्झिम यांत लक्षणीय फरक आढळला नाही. या अभ्यासातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. संशयित रुग्णांपैकी साधारण निम्म्यांनाच लेप्टो असल्याचे पुढे तपासणीत सिद्ध झाले. नुसती लक्षणे पाहून निदान करणे अनुभवी डॉक्टरांनाही किती अवघड जाते, हे यावरून कळते. गवतातील बारीक किड्याच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस हा तापही असाच दिसतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९६ रुग्णांच्या अभ्यासात डॉक्सिसायक्लिन व अ‍ॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे या दोन्ही रोगांवर उपयोगी ठरली.

यावरून शेतकऱ्याने एकच गोष्ट पक्की करावी. दवाखान्यात गेल्यावर नुसते "ताप आहे" असे न सांगता "मी गेले दोन आठवडे खाचरात काम करत होतो, पायाला जखम होती" असे आपण होऊन सांगावे. डॉक्टरांना योग्य शंका येण्यासाठी ही माहिती फार मोलाची असते.

प्रतिबंधक गोळी

डॉक्सिसायक्लिन २०० मि.ग्रॅ. आठवड्यातून एकदा घेऊन रोग टळतो काय, याची चाचणी अंदमानात ७८२ लोकांवर झाली व ती २००० साली प्रसिद्ध झाली. गोळी न घेणाऱ्यांत आजाराचे प्रमाण ६.८२ टक्के, तर घेणाऱ्यांत ३.११ टक्के आढळले. म्हणजे आजार निम्म्याहून कमी झाला, पण जंतूचा शिरकाव थांबला नाही. दक्षिण थायलंडमध्ये पुराच्या वेळी ६४१ लोकांच्या अभ्यासात (२०१४) एका मात्रेचा फायदा मुख्यतः अंगावर जखमा असलेल्यांना झाला. तेव्हा गोळी ही कोरड्या पायांना आणि उंदीर नियंत्रणाला पर्याय नाही. साथीच्या काळात किंवा पुरानंतर आरोग्य खात्याच्या सल्ल्याने ती घ्यावी. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि ८ वर्षांखालील मुलांना देताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ वा देऊ नये. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी व लगेच आडवे होऊ नये.

काही नेहमीच्या शंका

शंका : रक्ततपासणीत लेप्टो नाही असे आले. मग निर्धास्त राहावे काय?
उत्तर : नाही. नेहमीची तपासणी रक्तातील प्रतिद्रव्ये पाहते आणि ती तयार व्हायला ५ ते ७ दिवस लागतात. पहिल्या दिवसांतील 'नाही' हे पक्के नसते. डॉक्टरांनी शंकेवरून औषध सुरू केले तर ते पूर्ण घ्यावे.

शंका : तापात अंगदुखीची गोळी दुकानातून घेतली तर चालेल काय?
उत्तर : तापासाठी पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घेता येते. परंतु डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो व या रोगात मूत्रपिंडच धोक्यात असते. त्या मनाने घेऊ नयेत.

शंका : रुग्णापासून घरातील इतरांना लागण होते काय?
उत्तर : माणसापासून माणसाला हा रोग सहसा होत नाही. रुग्णाची सेवा निर्धास्तपणे करावी. मात्र त्याच खाचरात काम केलेल्या इतरांना ताप आला तर त्यांनाही लगेच दाखवावे.

लक्षात ठेवा

• मे-जून : गावाची उंदीर मोहीम, बांधसफाई, चिखल्या-भेगांवर उपचार.
• जुलै : चिखलातील काम आळीपाळीने, एका माणसाला सलग ६ तास नको.
• ऑगस्ट : खत देण्यापूर्वी पाणी काढावे, गमबूट वापरावेत.
• जुलै ते ऑक्टोबर : ताप आल्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे व शेतकामाची माहिती द्यावी.

लावणी दोन दिवस लांबली तर उत्पादनात थोडी घट येईल, ती पुढील हंगामात भरून काढता येते. घरचे माणूस गेले तर ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात ताप अंगावर काढू नका, शेजाऱ्यालाही काढू देऊ नका.